कोपऱ्यातलं पाणी

"हा बघ, लावला हात. कुठंय करंट?"

माझा नवरा, संगमेश, वॉशिंग मशीनच्या झाकणावर तळवा टेकवून उभा होता. नुकताच कामावरून आलेला, पायात बूट तसेच. त्याने दुसराही हात लावला, मग मशीनला मिठी मारल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. न्हाणीच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाई हसल्या. मीही हसले. खरं तर मला रडू येत होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते आणि तेवढीसुद्धा त्या दिवसांत माझ्याकडे उरलेली नसायची.

"सकाळी येतो," मी म्हणाले. "आत्ता नाही येत."

"करंटला पण पाळी असते का? सकाळची ड्युटी करून घरी जातो वाटतं."

दस्तगीर मशीनमागे वाकून बघत होता. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं पंखे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान. त्याने टेस्टर मशीनच्या पत्र्याला लावला, बोट वर टेकवलं. आतला दिवा लागला नाही. पलीकडच्या नळाला लावला. तिथंही नाही.

"वहिनी, काही नाही यात," तो जरा संकोचून म्हणाला. "मशीन पण नवीच आहे."

"नळाला कधी करंट असतो का गं?" सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणतीस, कधी मशीनला येतो, कधी नळाला येतो. उद्या म्हणशील भाकरीला येतो."

दस्तगीर हसू दाबत बॅग आवरायला लागला. माझ्या कडेवर निहार पेंगत होता. मी त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत निघून गेले.

ही बार्शीतली गोष्ट. निहार तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा होता. आज तो शाळेत जातो आणि त्याची धाकटी बहीण दुपारी झोपते, तेवढ्यात मी हे लिहितेय. बाळंतपणाला मी लातूरला माहेरी होते. परत आले ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. बारसं सासरीच करायचं असं सासूबाईंनी आधीपासून ठरवलेलं. घरातलं पहिलं नातवंड, आणि आदल्या वर्षी सासरे गेल्यापासून घरात काही शुभकार्य झालं नव्हतं. खुर्च्या नीट बसाव्यात म्हणून त्यांनी सगळ्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले होते. मातीचं अंगण गेलं, पण बारसं थाटात झालं. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. "मामा असते तर," असं आत्या त्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला म्हणाल्या, आणि प्रत्येक वेळी वाक्य तिथंच सोडून दिलं.

झिणझिण्या सुरू झाल्या त्या त्यानंतर. आमची न्हाणी मागच्या बाजूला. आत गिझर, नळ, खाली काळी फरशी, आणि दाराशी मशीन. सकाळी गिझर लावायचा, पाणी काढायचं, आत्या बाळाला न्हाऊ घालायच्या, तोवर मी त्याची दुपटी, लंगोट मशीनमध्ये टाकायचे. झाकणाला हात लावला की बोटांपासून कोपरापर्यंत सरसरून यायचं. मुंग्या म्हणावं तर मुंग्या नव्हेत, दुखणं म्हणावं तर दुखणंही नाही. हात आपोआप मागे यायचा. कधी नळ सोडतानाही तसंच व्हायचं.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आत्यांनी लगेच येऊन हात लावून बघितला. काही नाही. दुसऱ्यांदा बघितला. तिसऱ्यांदा मात्र पंच्याने हात पुसत म्हणाल्या, "अन्नू, तू जेवत नाहीस नीट. अंगात रक्त नाही, त्याचं आहे हे सगळं."

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. झिणझिण्या? हातापायांना? अंगावर पाजताय ना? मग होणारच. बी-ट्वेल्व्ह कमी असणार. लाल गोळ्या दिल्या. आत्या रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी एक गोळी ठेवायच्या आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. प्रेमाने, हे खरंच. पण ती गोळी घशाखाली उतरताना मला वाटायचं, आपण सांगतोय ते खोटं आहे, अशी कबुली देतोय आपण रोज.

मी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायचे. तेव्हा रजेवर होते. सातवीच्या वर्गाला विद्युत परिपथ शिकवताना मी आधी सेल आणि बल्ब काढायचे नाही. पोरींना हात धरून गोल उभं करायचे. एकीने शेजारणीचा हात हलकेच दाबायचा, तिने पुढचीचा, असा तो दाब फिरत फिरत पहिलीकडे परत यायला पाहिजे. मधे एकीने हात सोडला की खेळ थांबला. "परत यायला वाट असेल तरच वीज चालते," मी सांगायचे. "वाट तुटली, वीज थांबली. तिला पुढं जायचं नसतं गं, तिला घरी परत जायचं असतं." पोरी खिदळायच्या. मागच्या बाकावरची एक हमखास विचारायची, "मॅडम, मग चिमणी तारेवर बसते तिला करंट का बसत नाही?" त्या प्रश्नाची मी वाटच बघत असायचे.

हे सगळं मला येत होतं. पण बाळाच्या दुधाच्या वेळा, ओली दुपटी, केसांचे निघणारे पुंजके आणि गार झालेला चहा यांच्यात कुठंतरी ते वर्गातलं माझं डोकं हरवलं होतं. दस्तगीर टेस्टर लावून गेल्यावर तर मला स्वतःचीच खात्री वाटेना. बाकी कुणालाच येत नाही आणि आपल्याला येतं, म्हणजे ते आपल्यातच असणार. मी बोलायचं सोडून दिलं. झाकण कोपराने लोटायचे. नळ पदराने धरून सोडायचे. दिवसाला एवढ्या गोष्टी सांभाळायच्या, त्यात आणखी एक.

त्या सकाळी निहारचं न्हाणं झालं होतं. आत्या नेहमीसारख्या पाटावर बसलेल्या, पाय दुसऱ्या पाटावर लांब केलेले. टाचदुखीमुळे डॉक्टरने त्यांना गार फरशीवर पाय टेकवायला बंदी केली होती. पाटावरून उठल्या की थेट जाड रबरी चपलेत. घरभर त्यांची ती चप्पल फटक फटक वाजायची. मी मात्र न्हाणीत अनवाणीच असायचे. ओल्या फरशीवर चपला घसरतात, आणि कडेवर पोर.

"घे तुझा राजा," म्हणत त्यांनी निहारला पंच्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. मी त्याला डाव्या कडेवर घेतलं. उजव्या हातात त्याचं कोरडं झबलं होतं. मशीनच्या बाजूने वळताना त्याचा एक पाय पंच्यातून बाहेर आला आणि ओला तळवा पत्र्याला टेकला.

तो ताठ झाला. क्षणभर आवाजच नाही, नुसतं तोंड उघडं. आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या हातात, त्याच्या पाठीखाली होता त्या हातात, ते सरसरलं.

मी मागे झाले. मग तो रडला.

"काय झालं? चिमटा बसला का?" आत्या पाटावरूनच म्हणाल्या.

"करंट बसला त्याला."

"अगं, परत तेच..."

"मी मशीनला हात नाही लावला, आत्या. बघा, माझा हा हात मोकळा होता. त्याचा पाय लागला. त्याला बसला आणि त्याच्यातून मला आला. त्याच्यातून!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. निहारचं रडणं थांबत नव्हतं. भुकेचं नाही, झोपेचं नाही, मी कधी न ऐकलेलं रडणं. मी त्याचा तळवा बघत होते, दाबत होते, फुंकर घालत होते. तळव्यावर काहीच नव्हतं. गुलाबी, मऊ, सुरकुतलेला तळवा. दाखवायला काहीच नव्हतं, तेच तर.

"मी लातूरला चाललेय," मी म्हणाले. "आज. दुपारच्या गाडीने. ह्याला घेऊन. मला येडी म्हणा, माझ्यात रक्त नाही म्हणा. ह्या घरात मी पोराला पुन्हा न्हाऊ घालायची नाही."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. आमच्या वेळेला असं नव्हतं, चार पोरं न्हाऊ घातली मी ह्याच न्हाणीत, असं काहीतरी. पण त्या पाटाचा आधार घेत उठल्या. चपला समोरच होत्या. एक पाय चपलेकडे गेला, थांबला. मग त्यांनी पायानेच दोन्ही चपला बाजूला सारल्या आणि ओल्या फरशीवर उतरल्या.

"आत्या, नको."

"तू रोज उभी राहतीस का न्हाई हितं? मग?"

"निदान उलटा हात लावा. तळव्याने नको, मूठ आवळली जाते."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. हात उलटा करून मशीनला टेकवला.

"अगं आई गं!"

त्या एवढ्या जोरात मागे आल्या की कोपर बादलीला लागून बादली कलंडली. पाणी दारापर्यंत गेलं. मी निहारला छातीशी धरून भिंतीला टेकले होते. आत्या पाटावर बसल्या. हात मांडीवर, जसा काही दुसऱ्या कुणाचा हात त्यांच्याकडे ठेवायला दिलाय.

"हे रोज होतं?"

"रोज."

"आणि मी तुला गोळ्या चारायले," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "अन्नू, आधी मेन बंद कर. आणि दस्तगीरला बोलव. त्याला म्हणावं आत्ता ये, संध्याकाळी न्हाई."

दस्तगीर चहा अर्धवट टाकून आला. आत्या दारातच उभ्या होत्या. "टेस्टर घेऊन ये आणि चपला काढून ये," त्या म्हणाल्या.

"मावशी, चपला?"

"अरे काढ की. बूट घालून माझा लेक पण शूर आहे."

टेस्टरला चपला काढायची गरज नसते, हे सांगायचा धीर त्याला झाला नाही. त्याने मेन चालू केला, मशीनला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. परत तेच. परत मीच खोटी.

पण त्या वेळी काय झालं कुणास ठाऊक. आत्या माझ्या शेजारी अनवाणी उभ्या होत्या, म्हणून असेल. वर्गातलं माझं डोकं माझ्याकडे परत आलं. सकाळी असतो, संध्याकाळी नसतो. म्हणजे सकाळी काहीतरी चालू असतं, जे आत्ता चालू नाही. मी वर बघितलं. गिझरचं बटण. मेन बंद करायला जाताना मीच सवयीने ते आधी बंद केलं होतं. उन्हाळ्यात बार्शीत गरम पाण्याने कोण आंघोळ करतं? मी आणि निहार. बाकी सगळे गारच पाणी घेत होते.

"दस्तगीर, गिझर लाव आणि मग बघ."

त्याने लावला. टेस्टर मशीनला टेकवला. दिवा पेटला. नळाला लावला. पेटला. तो धावत स्वयंपाकघरात गेला, फ्रिजला लावला, आणि तिथूनच ओरडला, "मावशी, हात लावू नका कशाला!"

गिझरच्या आतली कॉइल फुटली होती. तिच्यातली वीज गिझरच्या पत्र्यात उतरत होती, आणि सगळ्या उपकरणांना जोडणारी जी हिरवी तार असते, अर्थिंगची, तिच्यातून मशीनमध्ये, फ्रिजमध्ये, सगळीकडे फिरत होती. "पण अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, वहिनी, तुम्हाला माहितीच आहे," दस्तगीर म्हणाला. "इथं तिला जमीनच सापडेना. अर्थिंगचा खड्डा कुठंय तुमचा?"

जमीन सापडेना, म्हणून ती माझ्या अनवाणी पायांतून वाट काढत होती. हे मी मनात म्हणाले.

खड्डा कुठंय, कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही मीटरपासून खाली येणारी तार बघत बघत अंगणात गेलो. तार भिंतीवरून उतरून पूर्वेच्या कोपऱ्यात, नव्या ब्लॉकांच्या खाली गेली होती. दस्तगीर वाकून बघत होता. आत्या उन्हात नुसत्या उभ्या होत्या. चपला अजून न्हाणीतच.

"ह्या कोपऱ्यात," त्या म्हणाल्या, "ह्या कोपऱ्यात मामा रोज पाणी घालायचे."

"कशाला?" मी विचारलं.

"आंघोळ झाली की तांब्या भरून घ्यायचे, हितं यायचे आणि ओतायचे. मला वाटायचं सूर्याला पाणी देतायत. पूर्वेचा कोपरा ना. एरवी देवळाची पायरी चढायचा न्हाई माणूस. मी म्हणायची, चला, एवढं तरी करतोय. सगळ्या भावकीत सांगितलं मी, आमचे हे रोज सूर्याला पाणी घालतात."

दस्तगीर मान वर करून ऐकत होता.

"आणि उन्हाळा लागला की हितं खडेमीठ टाकायचे. मुठी भरभरून. मी समजले, घराची दृष्ट काढतायत. विचारलं न्हाई कधी. देवाधर्माचं विचारू नये म्हणून." त्या थांबल्या. "काय गं अन्नू, ते काय होतं मग?"

मी सांगितलं. अर्थिंगची नळी जमिनीत पुरलेली असते. माती ओली असली की वीज जमिनीत सहज शिरते. माती कोरडी पडली की शिरत नाही. मिठाने ओल टिकते. म्हणून.

त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला कळेना, हसतायत की रडतायत. बहुतेक दोन्ही.

"फसवलं मेल्याने आयुष्यभर," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याच्यावर ब्लॉक बसवले. नातवाच्या बारशाला."

पहार त्यांनी स्वतः आणली. दस्तगीरने ब्लॉक उचकटले. खाली नळीचं तोंड सिमेंटने अर्धं बुजलेलं, आजूबाजूची माती भाजल्यासारखी कोरडी. आत्यांनी आतून तांब्या आणला. मामांचाच, काठाला पोचा आलेला. पाणी ओतलं. जमिनीने ते इतक्या घाईने प्यायलं की आवाज आला. त्या पुन्हा आत गेल्या, पुन्हा भरून आणला. पुन्हा. दस्तगीर म्हणाला, "मावशी, मी कोळसा, मीठ घालून नीट करून देतो की." त्या म्हणाल्या, "तू तुझं कर. मला माझं करू दे."

संध्याकाळी संगमेश आला तेव्हा दस्तगीरने गिझर काढून नेला होता आणि कोपऱ्यातला खड्डा नव्याने तयार होता. मी काही सांगायच्या आधीच आत्या दारात गेल्या. "बूट काढ आधी," त्या म्हणाल्या, "आणि मग हस काय हसायचं ते." तो हसला नाही. आत येऊन माझ्याशेजारी बसला आणि त्याने निहारचा तळवा हातात घेतला. मी लातूरला गेले नाही. त्या दिवशी मी दुपारी झोपले, आणि कुणी उठवलं नाही.

नवा गिझर आला. दस्तगीरने मीटरशेजारी एक सुरक्षेचं बटण बसवलं, जरा वीज इकडं तिकडं गेली की आपोआप बंद पडणारं. कोपऱ्यातली नळी मोकळी राहिली, आणि आत्या रोज सकाळी तिच्यात तांब्याभर पाणी घालू लागल्या. शेजारणींना अजून सांगतात, सूर्याला घालते म्हणून.

पण आणखी एक गोष्ट होती. रोज निहारचं न्हाणं सुरू व्हायच्या आधी आत्या न्हाणीत जायच्या. चपला बाहेर. ओल्या फरशीवर उभ्या राहायच्या आणि हात उलटा करून आधी नळाला लावायच्या, मग मशीनला, मग गिझरच्या नळीला. मगच मला हाक मारायच्या. टाचा दुखायच्या. डॉक्टर रागवले. संगमेश म्हणाला, आई, सगळं नवीन आहे आता. तरी चालूच. उन्हाळा गेला, गारठा आला, फरशी बर्फासारखी व्हायला लागली, तरी चालूच. मला वाटायचं, त्यांचा दस्तगीरवर विश्वास नाही.

एकदा थंडीच्या सकाळी मी म्हणाले, "आत्या, दस्तगीरने पक्कं काम केलंय. आता कशाला रोज? तुमचे पाय बघा."

त्या नळावरचा हात काढत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दस्तगीरचं काय न्हाई गं."

"मग?"

"तू सांगत होतीस, तेव्हा मी पण हात लावून बघत होते. पण माझ्या पायात चपला होत्या."

मग त्या वळल्या, पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण. आण त्याला."